स्टिअरिंग थरथरतं तेव्हा

एमजी टीसी ही गाडी 1945 ते 1949 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. दोघांपुरती जागा, लांब नाक, उघडे मडगार्ड, तारांच्या आऱ्यांची उंच 19 इंची चाकं आणि 1250 सीसीचं इंजिन. एकूण साधारण 10 हजार गाड्या बनल्या. त्यातल्या सुमारे 2 हजार अमेरिकेत गेल्या, तेही स्टिअरिंग उजवीकडेच असताना. अमेरिकेला ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं वेड लावणाऱ्या गाड्यांमध्ये हिचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं.

हिच्या देखणेपणाइतकीच हिची एक खोडही प्रसिद्ध आहे. सरळ रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात जाताना पुढचं चाक एखाद्या खड्ड्यातून गेलं, की कधीकधी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हिसके द्यायला लागतं. खड्डा मागे पडतो, रस्ता सपाट होतो, तरी हिसके थांबत नाहीत. हात घट्ट धरून वेग उतरवावा लागतो, तेव्हा कुठे गाडी शांत होते.

गॅरेजमध्ये याचं कारण विचारलं तर उत्तर बहुतेकदा एका शब्दात मिळतं. बेरिंग. किंगपिन. टाय रॉड. खराब भागाचं नाव कळलं की निदान झालं, असं आपण धरून चालतो. या थरथरीचा इतिहास वाचताना मला मात्र असं दिसलं, की ज्यांनी ती खरोखर सोडवली त्यांनी आधी प्रश्न बदलला होता. 'कोणता भाग खराब आहे?' याच्याऐवजी त्यांनी विचारलं, 'हे हलवायला ताकद कुठून मिळतेय?' हा प्रश्न सापडून त्याचं नीट उत्तर मिळेपर्यंत चाळीसेक वर्षं गेली.

झोका आणि पताका

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट सॉफ्टवेअरवर. त्यामुळे कॉलेजात कंपनांच्या पेपरला सोडवलेली गणितं बहुतेक विसरलोय. एक फरक मात्र डोक्यात राहिला, आणि इथे तोच कामाचा आहे.

झोक्यावर बसलेल्या मुलाला कोणीतरी मागून दर फेरीला एक हलका धक्का देतंय. झोका चढत जातो, कारण धक्क्याची लय आणि झोक्याची स्वतःची लय जुळलेली असते. धक्का बाहेरचा आहे. तो बंद केला की झोका हळूहळू थांबतो.

आता देवळाच्या कळसावरची पताका बघा. वारा एकसारखा एका दिशेनं वाहतोय, त्याला कसलीही लय नाही, तरीही पताका फडफडते. लय पताका स्वतः तयार करते, ताकद मात्र वाऱ्याकडून घेते. वारा आहे तोवर फडफड आहे.

गाडीचं स्टिअरिंग या दोन्ही कारणांनी हलू शकतं. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर तो झोक्याचा प्रकार. समजा टीसीच्या चाकाच्या रिमवर एका बाजूला 30 ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी 80 किलोमीटरला हे चाक सेकंदाला साधारण 10 फेऱ्या मारतं. गणित केलं तर त्या 30 ग्रॅमची ओढ जवळपास 3 किलो वजनाएवढी भरते, आणि तिची दिशा सेकंदाला 10 वेळा फिरते. वेग दीडपट केला की हीच ओढ सव्वादोनपट होते. आता पुढचा ॲक्सल आणि चाकं स्प्रिंगवर ज्या लयीत नैसर्गिकपणे हलतात, तीही सेकंदाला साधारण दहाच्याच आसपास असते. म्हणून बॅलन्सिंगची थरथर एका ठरावीक वेगाला सुरू होते, टिपेला पोचते आणि त्याच्या पुढे गेलं की कमी होते.

दुसरा प्रकार डी-मार्टमध्ये कधी ना कधी तुम्ही बघितलेला आहे. ट्रॉली सरळ ढकलताय आणि पुढचं एक चाक वेड्यासारखं डावी-उजवीकडे फडफडतंय. तुमचा धक्का एकसारखा, जमीन गुळगुळीत. फडफडीची ताकद येते ती ट्रॉलीच्या पुढे जाण्यातूनच. खड्डा मागे पडल्यावरही टीसीचं स्टिअरिंग हलत राहतं ते याच जातीचं. खड्डा ही फक्त सुरुवात असते. पुढची ताकद गाडीचा वेग पुरवतो.

नव्या गाड्यांचा जुना रोग

हे आज एका परिच्छेदात लिहिता येतं. 1920 च्या दशकात ते कोणालाच धड माहीत नव्हतं.

चार चाकांच्या घोडागाडीत, म्हणजे मुंबईच्या व्हिक्टोरियासारख्या गाडीत, वळताना पुढचा अख्खा ॲक्सलच मधल्या खिळ्यावर फिरतो. प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतःचा वेगळा खिळा द्यायची कल्पना म्युनिकचा गाडी बनवणारा लांकेनस्पेर्गर याची. लंडनमध्ये तिचं पेटंट 1818 मध्ये त्याचा एजंट रुडॉल्फ ॲकरमन यानं घेतलं, म्हणून नाव ॲकरमनचं राहिलं. मोटारीनं हीच रचना उचलली. दोन खिळे, त्यांना जोडणारा दांडा, दांड्याला स्टिअरिंगशी जोडणारे सांधे. यातली प्रत्येक जोडणी थोडी झिजते, थोडी लवते. म्हणजे हलू शकेल अशी यंत्रणा तयारच होती.

मग दोन सुधारणा जवळपास एकदमच आल्या. 1923 मध्ये फायरस्टोननं 'बलून' टायर आणले: जास्त रुंद, कमी हवेचे, मऊ. आधीच्या दगडासारख्या टायरपुढे हे म्हणजे गादीच. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले, त्यामुळे पुढच्या ॲक्सलचं वजन वाढलं. दोन्ही बदल प्रवाशांच्या भल्याचे होते. पण आता नव्या कोऱ्या गाड्यांचीही पुढची चाकं फडफडू लागली. त्या काळात खांदे हलवत करायचा 'शिमी' नावाचा नाच अमेरिकेत गाजला होता. या दुखण्याला तेच नाव पडलं आणि आजही इंजिनिअर ते वापरतात.

नवी गाडी हलत असेल तर झिजलेल्या भागाला दोष देता येत नाही. इथूनच विचार पुढे सरकला. 1925 मध्ये जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच इंजिनिअरनं शिमीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक कल्पना वाहनांच्या शास्त्राचा पाया ठरली. रबरी चाकाला बाजूनं दाब आला, की त्याचं तोंड एका दिशेला असतं आणि ते प्रत्यक्ष जातं किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधला कोन महत्त्वाचा, कारण रस्ता चाकाला बाजूनं किती ढकलणार हे त्यावर ठरतं. आज या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. फॉर्म्युला वनच्या इंजिनिअरपासून रेसिंगचे गेम लिहिणाऱ्यांपर्यंत सगळे तो वापरतात. त्याचा जन्म मात्र थरथरणाऱ्या स्टिअरिंगच्या निदानातून झाला.

सायकलचं चाक हातात धरून

दुसरा धागा भोवऱ्याचा. सायकलचं सुटं चाक घ्या, ॲक्सलची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि कोणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा. आता एक हात वर आणि एक खाली असं चाक कलवून बघा. चाक कलता कलता एका बाजूला वळायला बघतं. ज्या दिशेला आपण ढकललंच नाही त्या दिशेला ते जोर करतं.

टीसीसारख्या गाडीत पुढची दोन्ही चाकं एकाच सरळ लोखंडी ॲक्सलच्या टोकांना असतात. डावं चाक खड्ड्यावरून उचललं गेलं की अख्खा ॲक्सल कलतो, त्याबरोबर दोन्ही चाकं कलतात. फिरतं चाक कललं की वळू बघतं, म्हणून दोन्ही चाकं खिळ्यांभोवती वळतात. वळली की टायर त्यांना बाजूला ढकलतात, ॲक्सल उलटा कलतो, चाकं उलटी वळतात. कलण्यातून वळणं आणि वळण्यातून कलणं. एक फेरी पुरी झाली की पुढची सुरू.

यावर पहिला उपाय झाला तो दाबून टाकण्याचा. स्टिअरिंगच्या दांड्यांना डॅम्पर लावले गेले. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनं 1930 च्या दशकाच्या पूर्वार्धात पुढच्या बंपरच्या टोकांना तेल भरलेले दंडगोल बसवले. त्यांच्या आत स्प्रिंगवर तोललेलं वजन असे. गाडीचं नाक एकीकडे हललं की ते वजन उलट लयीत हलून थरथर शोषून घेई. युक्ती हुशारीची होती. पण थरथर जिथे जन्मते तिथे ती जात नव्हती.

मॉरिस ओली यानं तिथे हात घातला. तो वेल्समध्ये जन्मलेला, रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या कारखान्यात काम करून 1930 मध्ये कॅडिलॅकमध्ये आलेला. गाडीतल्या माणसांना रस्ता सुखाचा वाटावा यासाठी पुढच्या स्प्रिंग मऊ हव्यात, असं त्याला प्रयोगांतून दिसत होतं. त्यासाठी त्यानं वजनं इकडून तिकडे सरकवता येतील अशी एक खास गाडी 1932 मध्ये बनवली होती. अडचण अशी, की सरळ ॲक्सलवर पुढच्या स्प्रिंग मऊ केल्या की शिमी असह्य होई. मग ॲक्सलच काढायचा. प्रत्येक चाक आपापल्या दोन दांड्यांवर स्वतंत्रपणे वर-खाली होऊ द्यायचं. चाक जवळजवळ सरळ उचललं जातं, फारसं कलत नाही, आणि एकाचा धक्का दुसऱ्याला पोचत नाही. कलण्या-वळण्याची साखळी तुटते. 1934 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन मिळालं. ही कल्पना एकट्या ओलीची नव्हती. इटलीच्या लान्चियानं 1922 च्या लाम्ब्डा गाडीत वेगळ्या रचनेनं ती वापरलीच होती. पण शिमी आणि मऊ स्प्रिंग यांचा हिशेब मांडून ती मोठ्या कारखान्याच्या गळी उतरवली ती या काळात.

माहीत असूनही

मग प्रश्न पडतो, की 1934 मध्ये कॅडिलॅकला जमलं ते 1945 मध्ये एमजीला का जमलं नाही?

जमलं नाही असं म्हणणं चूक ठरेल. 1935 मध्ये एमजीनं आर-टाइप नावाची शर्यतीची गाडी काढली, तिची चारही चाकं स्वतंत्र होती. फक्त 10 गाड्या बनल्या. त्याच वर्षी लॉर्ड नफिल्ड यांनी आपली ही कंपनी मॉरिस मोटर्सकडे वर्ग केली. डिझाइनचं काम कौलीला हलवलं गेलं, शर्यती बंद झाल्या आणि आर-टाइपचा पुढचा विकास तिथेच थांबला. युद्ध संपल्यावर ब्रिटनला काहीही करून निर्यात वाढवायची होती. हाताशी होती ती युद्धाआधीची टीबी गाडी. तिचीच कॅबिन थोडी रुंद केली आणि टीसी म्हणून विकायला काढली. सरळ ॲक्सल, पाट्यांच्या कडक स्प्रिंग. स्पोर्ट्स कार म्हणजे कडक बैठक, हा समजही मदतीला होताच.

उत्तर मात्र घरातच तयार होतं. ॲलेक इसिगोनिस आणि जॅक डॅनियल्स यांनी युद्धाआधीच स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन आखलेलं होतं, आणि 1947 च्या एमजी वाय-टाइप या घरगुती सलून गाडीत ते आलंही. म्हणजे दोन-अडीच वर्षं एमजीच्या शांत कौटुंबिक गाडीचं पुढचं अंग तिच्या स्पोर्ट्स कारपेक्षा पुढारलेलं होतं. टीसीच्या जागी टीडी आली तेव्हा तेच सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग स्पोर्ट्स कारलाही मिळालं. टीडी जवळपास 30 हजार बनल्या, टीसीच्या तिप्पट. त्या सस्पेन्शनचा वंश एमजीए आणि एमजीबीमधून थेट 1980 पर्यंत चालला. इसिगोनिस पुढे 'मिनी'चे जनक म्हणून जगाला माहीत झाले.

आज रस्त्यावर असलेली टीसी, म्हणजे कंपनीला उत्तर माहीत असूनही जुन्याच प्रश्नासकट विकलेली गाडी. तिचं निदान करताना हे लक्षात ठेवावं लागतं. तिचा एकही भाग झिजलेला नसला तरी तिच्या घडणीतच पताका आहे. झीज त्या पताकेला मोकळीक देते.

टायरचा उशीर

एक कोडं तरी राहिलंच होतं. ट्रॉलीच्या चाकाला ना ॲक्सलची जोडी, ना मोठा वेग. विमानाच्या एकट्या चाकालाही शिमी व्हायची, आणि उतरताना ती जिवावर बेतू शकते. 1941 मध्ये जर्मनीत फॉन श्लिप्पे आणि डीट्रिश यांनी विमानाच्या चाकांवर काम करताना टायरकडे ताणलेल्या दोरीसारखं बघितलं. आपल्या निबंधाच्या नावात त्यांनी या दुखण्याला 'फ्लाटर्न' म्हटलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थच फडफड. पुढे 1966 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हान्स पाचेइका यांनी शिमीवरच डॉक्टरेट केली. टायरचं वर्तन गणितात मांडणारी जी सूत्रं आज जगभर वापरली जातात ती पुढे त्यांच्याच नावानं ओळखली गेली.

त्यांच्या कामातली मध्यवर्ती गोष्ट सॉफ्टवेअरवाल्याला लगेच कळते: उशीर. चाक वळलं की टायर त्याच क्षणी पूर्ण जोरानं बाजूला ढकलत नाही. रबर आधी पिळतं, चाक थोडं अंतर पुढे गेलं की मग तो जोर येतो. हे अंतर ढोबळमानानं चाकाच्या त्रिज्येच्या आसपासचं. गिझरचा नळ आठवा. पाणी गार लागतं म्हणून नळ फिरवला, गरम पाणी यायला दोन सेकंद लागली, तोवर आपण आणखी फिरवलेला. मग चटका, मग उलटं फिरवणं, मग गारठा. नळ चांगला आहे, पाणी चांगलं आहे, माणूसही शहाणा आहे. घोळ उशिराचा आहे. चाकाला सरळ करणारा टायरचा जोर उशिरा आला, तर चाक मधून पलीकडे निघून गेल्यावरही तो ढकलतच राहतो. दर फेरीला थोडी ताकद आत जाते.

टीसीच्या मालकांचा एक उलटा वाटणारा उपाय आता समजतो. किंगपिन वरून मागे कललेला असतो, त्या कलण्याला कॅस्टर म्हणतात. कॅस्टर जास्त असला की गाडी सरळ धावते, म्हणून थरथर थांबवायला तो वाढवावा असं वाटतं. टीसीवर नेमकं उलट करतात. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घालून कॅस्टर कमी करतात. चाकाला मध्यावर आणणारा जोर फार असला की फडफडीलाही जोर मिळतो.

निदानाचा क्रम

जुनी स्पोर्ट्स कार थरथरत असेल तर भाग बदलण्याआधी तिला काही प्रश्न विचारायचे, आणि ते याच क्रमानं.

थरथर कधी येते? फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकचे ड्रम किंवा डिस्क बघायच्या. वेग तोच ठेवून गाडी क्षणभर न्यूट्रल केली आणि थरथर गेली, तर ती इंजिनाकडची. तशीच राहिली तर चाकांकडची. ठरावीक वेगाला येऊन पुढे कमी होते का? मग झोका. खड्ड्यानं सुरू होऊन स्वतःच चालू राहते का? मग पताका.

झोका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघायची. थरथर हातातून निघून सीटखाली गेली तर दोष चाकांत. कोडमधला बग शोधताना आपण अर्धा भाग बंद करून बघतो, तसंच हे. आऱ्यांच्या चाकात आणखी एक गोम आहे. ते हबवर दोन उतरत्या कडांवर बसतं, आणि बॅलन्सिंग मशीनवर त्या कडांना जुळणारे शंकूच लागतात. साध्या गाडीच्या शंकूवर चढवलं तर मशीन शून्य दाखवेल आणि गाडी थरथरतच राहील. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होऊन कडक झालेले असतात, त्यांना कुठलंही वजन वाचवत नाही.

पताका असेल तर गाडी जॅकवर नीट टेकवून चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. खेळ गेला तर बेरिंग, राहिला तर किंगपिन. मग डावी-उजवीकडे धरून हलवायचं, म्हणजे टाय रॉड आणि स्टिअरिंग बॉक्स कळतो. टीसीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन फेऱ्यांहूनही कमी फिरतं, त्यामुळे बॉक्समधला थोडासा खेळही हाताला मोठा लागतो. कित्येकांनी तो बॉक्स काढून फोक्सवॅगन बीटलचा बसवला. त्यानं खेळ जातो. टायरमधली हवा, किंगपिन आणि कॅस्टर बघितले नाहीत तर फडफड मात्र तिथेच राहू शकते.

डॅम्पर सगळ्यांत शेवटी. तो आधी लावला तर लक्षण झाकलं जातं आणि झिजत चाललेला किंगपिन गप्प बसतो. स्टिअरिंगच्या बाबतीत गप्प बसलेला भाग धोक्याचा, कारण तो बोलतो तेव्हा थेट तुटण्याचं बोलतो.

हे लिहिताना मला माझाच धंदा आठवत होता. 2010 च्या आसपासपासून फोर्डच्या काही गाड्यांत विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. चाकाच्या असंतुलनाची लय ओळखून मोटर उलट जोर लावते आणि थरथर हातापर्यंत पोचूच देत नाही. पॅकार्डच्या बंपरमधलं वजन आता काही ओळींच्या कोडमध्ये आलंय. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याला यानं आराम मिळतो, यात शंका नाही. पण असा कोड लिहिणाऱ्यानं, म्हणजे माझ्यासारख्यानं, त्यात आणखी एक ओळ घालायला हवी असं मला वाटतं. आपण किती थरथर झाकतोय ते मोजणारी आणि ती वाढत गेली की चालकाला सांगणारी. टीसीच्या चालकाला ही माहिती फुकट मिळत होती, थेट मनगटात.